घड्याळातला चंद्र

ते घड्याळ मी पहिल्यांदा पाहिलं ते ऑफिसात पाहुण्या म्हणून आलेल्या एका बाईंच्या मनगटावर. मीटिंग चालू होती, पडद्यावर आकडे सरकत होते आणि मी त्यांच्या हाताकडे बघत बसले होते. पांढऱ्या तबकडीत खाली एक इवलीशी खिडकी होती. तिच्यात गडद निळं आभाळ, सोनेरी चांदण्या आणि ढगाच्या गोल कडेमागून अर्धा बाहेर आलेला चंद्र. मीटिंगमधलं नंतर मला काहीच आठवेना. मेट्रोनं कुकटपल्लीला घरी परतताना काचेबाहेरचं सगळं शहर त्या निळ्यात बुडाल्यासारखं वाटत होतं.

घड्याळं जमवायचा नाद मला नोकरी लागल्यापासूनचा. माझी घड्याळं साधी, किल्लीची, जुनी. आबिड्सच्या दुकानांतून एकेक करून आणलेली. रविवारी दुपारी सगळ्यांना किल्ली देऊन पलंगावर मांडायची आणि डोळे मिटून त्यांच्यामध्ये आडवं व्हायचं, ही माझी चैन. प्रत्येकाची टिकटिक निराळी. नक्कल घ्यायची नाही हा माझा नियम होता. पाळायला तो सोपा होता, कारण ज्याच्या नकला निघतात असलं भारी घड्याळ मला कधी हवंसं वाटलंच नव्हतं.

हे मात्र वाटलं. त्या किमतीत आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर नवं करून झालं असतं, आणि ते करायची गरजही होती. मी घड्याळाचे फोटो बघत राहिले. झोपण्यापूर्वी तो चंद्र बघायचा आणि मग झोपायचं, असं कित्येक दिवस चाललं.

आई माझ्याजवळ राहते. ती मराठवाड्यातली. लग्न होऊन बाबांच्या नोकरीपायी या शहरात आली आणि तिच्या मराठीत इथली बोली मुरली. दर पौर्णिमेला ती पांढरी साडी नेसते, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणते, खीर करते. आधीच्या घरी वंदनेनंतर ती गच्चीत जाऊन चंद्राकडे बघत बसायची. इथे आमच्यासमोर उंच उंच इमारती झाल्या आणि बाल्कनीतलं आभाळच गेलं. पौर्णिमा तिला आता भिंतीवरच्या कॅलेंडरवरून कळते. मला वाटे, ते घड्याळ घरात आलं तर तिलाही त्यात चंद्र दिसेल. हे मी स्वतःला पटवायला म्हणत होते की खरंच तिच्यासाठी, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

शेवटी नियम मोडला. ऑफिसातल्या मैत्रिणीनं आबिड्सच्या एका गल्लीतलं माडीवरचं दुकान सांगितलं. दुकानदार म्हातारे, अदबीनं बोलणारे. त्यांनी काहीच लपवलं नाही. "मैडम, ये कॉपी है. मगर पैचानेगा कोई नै." मखमलीवर ठेवलेलं ते घड्याळ हुबेहूब तेच होतं. निळं तेच, चांदण्या त्याच. मी ते तिथेच हातात बांधलं.

पहिले काही दिवस मी तरंगत होते. मेट्रोत दांडी धरली की बाही मागे सरकायची आणि चंद्र बाहेर यायचा. हरवायची भीती नाही, ओरखड्याची भीती नाही. खरं असतं तर मी एवढ्या गर्दीत ते घालून गेलेच नसते. मग खरं हवंय कुणाला, असं वाटायचं.

रविवारी मी ते काढून टेबलावर ठेवलं होतं. आईनं वाचायचं भिंग आणलं आणि ती त्याच्या इवल्या खिडकीत डोकावली. सकाळच्या चहाला बघितलं, जेवणानंतर बघितलं, दिवेलागणीला पुन्हा बघितलं.

"हे घड्याळ बिघडलंय गं," ती म्हणाली.

"का? वेळ बरोबर आहे की."

"वेळ राहू दे. सकाळी चंद्र बुडायला लागला होता. दुपारी नुसतं आभाळ. आता बघ, परत वर यायलाय. एका दिवसात असं होतं का कुठं? आज तर पंचमी आहे."

मी भिंग घेऊन बघितलं. खरंच, चंद्र पुन्हा ढगाच्या कडेशी आला होता. अस्सल घड्याळात त्याला अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत यायला पंधरवडा लागतो. नक्कल करणाऱ्यानं तेवढा खटाटोप केला नव्हता. त्यानं चंद्र तासकाट्याच्या चाकाला जोडून दिला होता, आणि तो बिचारा दिवसभरात पूर्ण फेरी मारून परत येत होता.

"आई, हे नकली आहे," मी सांगून टाकलं.

"म्हणजे घड्याळ खोटं?"

"घड्याळ चालतं. चंद्र खोटा आहे."

ती हसायला लागली. मलाही हसू आलं, पण त्यानंतर ते घड्याळ हातात घालवेना. कुणाला कळेल म्हणून नाही. ज्या गोष्टीवर मी भुलले होते, नेमकी तीच त्यात नव्हती.

पुढच्या शनिवारी मी आईला अस्सल घड्याळ दाखवायला बंजारा हिल्सच्या शोरूममध्ये नेलं. आत इतकी शांतता होती की आई कुजबुजत बोलायला लागली. तिथल्या तरुण विक्रेतीनं हातमोजे घालून घड्याळ आईपुढे ठेवलं आणि हिंदीत विचारलं, "अम्मा, देखेंगे?"

"आजचा चंद्र लावून दाखव म्हणावं तिला," आई मला म्हणाली. "एकादशी आहे."

मी सांगितलं. मुलीनं फोनवर तिथी बघितली, बारीक टाचणीसारख्या दांडीनं कडेचं बटण दाबलं. प्रत्येक दाबासरशी चंद्र कणभर पुढे सरकला आणि एका ठिकाणी थांबला. पुरता भरला नव्हता, थोडासा राहिला होता. आई किती तरी वेळ वाकून बघत होती. मुलीनं घाई केली नाही, पाणी आणून दिलं.

"असाच असतो," आई म्हणाली. "एकादशीचा असाच."

मी त्या दिवशी घेतलं नाही. पण घरी येताना ठरलं होतं. हिमायतनगरला एक निवृत्त डॉक्टर राहतात, तेही घड्याळं जमवतात. मी माझी सगळी घड्याळं त्यांच्याकडे विकायला नेली. त्यांनी प्रत्येक कानाशी धरून ऐकलं आणि विचारलं, "सगळी देताय? एखादं ठेवा की." मी नको म्हटलं. एखादं ठेवलं असतं तर बाकीच्यांची आठवण येत राहिली असती. काही महिन्यांनी, त्या पैशांत साठवलेली रक्कम जोडून, मी अस्सल घड्याळ घरी आणलं. स्वयंपाकघर अजून तसंच आहे.

रविवारच्या दुपारी आता सुन्या वाटतात. संग्रह म्हणावा असं घरात काही उरलं नाही. बाहेर जाताना मी बाही खाली ओढून घेते. नकली घड्याळ कपाटात पडून आहे. कुणाला दिलं तर ते खरं समजून मिरवतील, आणि टाकवत नाही. अस्सल घेऊन मी शहाणपणा केला असं मी कुणाला सांगत नाही. एवढंच की त्याच्याकडे बघताना मला आता आतून कुठे खुपत नाही. सकाळी वंदना झाली की आई त्याला किल्ली देते. मोजून नाही, बोटाला कळेल तेवढी.

मग एक पौर्णिमा आली. घड्याळाच्या खिडकीतला चंद्र पूर्ण भरलेला बघून आई म्हणाली, "यात दिसायलाय तर बाहेरही असेलच की. चल, बघून येऊ." कॅब करून आम्ही हुसेनसागर तलावावर गेलो. संध्याकाळ होती. पाण्यात बुद्धाची मूर्ती उजळली होती, बोटी ये-जा करत होत्या, धुरकटात पूर्वेला काहीच दिसत नव्हतं. आम्ही भाजलेलं कणीस घेऊन कठड्याशी बसलो. कणीस संपता संपता चंद्र वर आला, तांबूस, मोठा. आईनं हात जोडून हळू आवाजात गाथा म्हटल्या.

परतायला मी कॅब शोधायला लागले तर तिनं माझा हात धरला.

"तुझे बाबा मला इथं आणायचे," ती म्हणाली. "नवीनच लग्न झालं होतं. मूर्ती नव्हती तेव्हा. नुसतं पाणी. मी म्हणायची, इथं काय बघायचं?"

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं.

"मग बाबा काय म्हणायचे?"

"काय नै. बसायचे नुसते."

मी फोन पर्समध्ये टाकला आणि तिच्या पदराजवळ सरकून बसले. पाण्यावरून वारा येत होता.