टिळा लावलेलं पिस्तूल

"पहिल्याच मॅचला तुला घरी पाठवतील बघ," नवरा म्हणाला. पिस्तुलाच्या नेमबाजीला इथे अमेरिकेत आम्ही दोघांनी एकदमच सुरुवात केली होती. पण त्याच्या मते तो खेळाडू होता आणि मी त्याच्याबरोबर आलेली बायको.

हा खेळ एका जागी उभं राहून नेम धरण्याचा नाही. बीप वाजला की पळायचं, आडोशाआडून पुठ्ठ्याची टार्गेटं टिपायची, लोखंडी पाट्या पाडायच्या, तेही कमीत कमी वेळात. नवखा पहिल्या मॅचमध्ये सुरक्षेचा नियम मोडून बाद न होता शेवटपर्यंत टिकला तरी पुष्कळ झालं. मला तेवढंच हवं होतं, आणि ते त्याच्या नाकावर टिच्चून हवं होतं.

नवख्यांच्या वर्गात बजावून सांगितलं होतं: ठरवून दिलेल्या सेफ्टी टेबलापाशी किंवा रेंज ऑफिसरने, म्हणजे तिथल्या पंचाने, सांगितल्यावरच पिस्तुलाला हात लावायचा. एरवी रेंजवर रिकाम्यालासुद्धा नाही. तेव्हा हा पठ्ठ्या खाली मान घालून फोनवर कमरेचे पट्टे बघत होता. पट्टा आला, बूट आले, पाठीवर आडनाव छापलेली जर्सी आली. सराव तेवढा यायचा राहिला. मी बेसमेंटमध्ये रिकामं पिस्तूल घेऊन रोज भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरायचे, तेव्हा हा सोफ्यावर लोळत माझ्या चुका काढायचा.

दसऱ्याला त्याने लॅपटॉप आणि गाडीच्या किल्लीशेजारी दोन्ही पिस्तुलं पाटावर मांडली. हळद, कुंकू, झेंडू, सगळं यथासांग. दुसऱ्या दिवशी मी माझं पुसून ठेवलं. त्याने टिळा तसाच ठेवला. "मॅचपर्यंत राहू दे, शुभ असतं," म्हणाला. एरवी या माणसाला देव आठवतो तो फक्त ग्रीन कार्डासाठी.

मॅचच्या सकाळी आमचा गट आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. एका अमेरिकन गृहस्थाने त्याच्या कमरेकडे बघून सहज विचारलं, ते लाल काय आहे? झालं! संस्कृतीवर भाषण ठोकायची संधी नवरा सोडतोय होय? "इन अवर कल्चर..." म्हणत त्याने होल्स्टरमधून पिस्तूल सरळ बाहेर काढलं आणि टिळा नीट दिसावा म्हणून वर धरलं.

रेंज ऑफिसरने जवळ येऊन पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, ते बॅगेत ठेवायला लावलं आणि म्हणाला, "सॉरी सर, यू आर डन फॉर द डे." एकही गोळी न झाडता! मला त्याची दया यायला हवी होती. नाही आली.

बाद झालेल्याने निघून न जाता इतरांना मदत करायची, अशी तिथली रीत. गाडी एकच असल्यामुळे ती पाळण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. माझी पाळी आली. बीप वाजला आणि मी पळाले. टार्गेटांवरची भोकं बुजवायला नवरा चिकटपट्टीचा रोल घेऊन मागोमाग फिरत होता, अंगात तीच जर्सी. एका टार्गेटापाशी थांबून तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "इथे चिकटवायला काहीच नाहीये गं!"

निकालात मी खालून पहिली आले.

परतताना तो म्हणाला, "ग्रुपवर काय टाकायचं यार?"

"टाक ना, बायको खालून पहिली आली."

"आणि मी?"

"तू माझ्याबरोबर आला होतास."