कुंकवाने मासे मरत नाहीत

निळा टँग नावाचा मासा मेला त्या सकाळी मी जे बोललो ते खोटं होतं. बोलतानाच मला ते माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल कोणाचं चांगलं मत व्हायला नको.

जागा वर्ध्यातला एक लहान मुलांचा दातांचा दवाखाना. वेटिंग रूममध्ये काचेची मोठी टाकी, टाकीत खारं पाणी आणि तळाशी आडवा पडलेला मासा. समोर शिल्पा मॅडम, म्हणजे डॉक्टर. त्यांच्या शेजारी त्यांच्या सासूबाई, ज्यांना सगळे आजी म्हणतात. काउंटरवर सुनंदाताई. बाकावर दोन आया आणि तीन मुलं. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण मी माशांचा माणूस.

मी राहतो नाचणगावला, दुकान पुलगावात. बहुतेक गिऱ्हाईक गोड्या पाण्याचं. गोल्डफिश, गप्पी, वास्तुशास्त्रवाल्याने सांगितलेला एखादा काळा मासा. खाऱ्या पाण्याच्या टाक्या आपल्या जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लोक विचारतात, "भाऊ, समुद्राचं पाणी गाडीनं आणता का?" नाही. फिल्टरच्या पाण्यात एक तयार मीठ विरघळवतो. मासे मात्र मुंबईच्या व्यापाऱ्याकडून रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या डब्यात येतात.

मॅडमच्या जुन्या दवाखान्यात लहान टाकी होती. त्यात क्लाउनफिशची एक जोडी, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. त्यांना दाणा टाकायचं काम सुनंदाताईंचं. त्या सिंदीहून रोज रेल्वेने येतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. खुर्चीत बसायला रडणाऱ्या पोराला त्या आधी टाकीसमोर उभं करायच्या. "पाह्य, कसं तोंड उघडून राह्यला तो! तू उघडून दाखव बरं त्याले." पोरगं तोंड उघडायचं. ताई म्हणायच्या, "तुह्यं त्याच्यापेक्षा मोठं हाये. चाल, मॅडमले दाखवू." मॅडमचं निम्मं काम तिथेच व्हायचं. हे मॅडम स्वतः सांगायच्या.

अक्षय तृतीयेला नव्या जागेचा मुहूर्त ठरला. मॅडमना मोठी टाकी हवी होती आणि नवे मासे. मी टाकी बसवली. उन्हाळा आपल्याकडचा, म्हणून पाणी थंड ठेवणारं चिलर नावाचं मशीनही मीच विकलं आणि मीच जोडलं. ते चुकणार नाही अशी हमी दिली. क्लाउनफिशची जोडी नव्या टाकीत हलवली. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी मुंबईहून डबा आला, त्यात निळा टँग.

इथे माझी चूक झाली. नवा मासा थेट मुख्य टाकीत सोडायचा नसतो. त्याला काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पाहायचं, अंगावर काही घेऊन आलाय का. याला क्वारंटाइन म्हणतात. करोनाच्या वर्षांत हा शब्द आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ झाला होता. मला तर धंद्यामुळे त्याच्या आधीपासून माहीत होता. पण माझी क्वारंटाइनची टाकी घरी कोरडी पडली होती आणि बायकोने त्यात वर्षाचे कांदे भरले होते. मॅडम म्हणाल्या, "मुहूर्ताला टाकी भरलेली दिसली पाहिजे." मी म्हटलं, दिसेल. मासा तजेलदार दिसत होता. कांदे तसेच राहिले.

मुहूर्ताच्या दिवशी टाकीच्या पूजेची वेळ आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सुनंदाताई, तुम्ही करा. मासे तुमचेच आहेत."

ताई मागे सरकल्या. "नको मॅडम, आजीच करतील."

"तुम्हीच करा."

ताईंनी काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद लावली, चार अक्षता वाहिल्या. दोन दाणे पाण्यात पडले. आजी तेवढा वेळ छताच्या पंख्याकडे पाहत होत्या. पंखा बंद होता.

दोन-तीन दिवसांनी ताईंचा फोन आला. "भाऊ, निळा अंग घासून राह्यला गोट्याले."

मी जाऊन पाहिलं. मासा दगडाला अंग घासतो म्हणजे त्याला खाज येते. खाज येते म्हणजे बहुतेक वेळा अंगावर परजीवी असतो. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर जगणारा सूक्ष्म जीव. नीट पाहिलं तर परांवर रव्याच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसत होते. मी ताईंना म्हटलं, "नवीन जागा आहे, होतं असं." घरी जाऊन कांद्यांकडे पाहिलं आणि जेवायला बसलो.

पुढच्या आठवड्यात ठिपके गेले. मी खूश झालो. हा या रोगातला सगळ्यात मोठा फसवा भाग. पांढऱ्या ठिपक्यांचा जीव माशाचं पोटभर खाऊन झालं की स्वतःहून गळून पडतो. वाळूत जाऊन कवच करून बसतो. आत एकाचे शेकडो होतात. मग ते सगळे बाहेर पडून मासा शोधतात. बंद टाकीत मासा कुठे जाणार? ठिपके गेले की अनाडी माणूस म्हणतो, बरा झाला. मी अनाडी नव्हतो. तरी म्हणालो.

दुसऱ्या खेपेला ते माशाच्या कल्ल्यांत शिरले. मासा श्वास घेतो ती ही जागा. टँग पाण्याच्या झोताला तोंड लावून भराभरा श्वास घेऊ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेला.

तर मी टाकीसमोर उभा होतो. मॅडमनी विचारलं, "कशाने झालं?"

आमच्या धंद्यात उन्हाळ्यात सगळं उन्हावर ढकलतात. पण ऊन म्हटलं तर चिलर चुकलं, आणि चिलर माझं. रोग म्हटलं तर विचारतील, कुठून आला. समोर काचेवर कुंकू होतं. मी म्हणालो, "पाण्यात कुंकू गेलं असेल. हल्लीच्या कुंकवात केमिकल असतं."

मॅडम म्हणाल्या, "अरे देवा."

आजी म्हणाल्या, "मी काय सांगतलं होतं? हे सवाशिणीचं काम असते. आयकते कोण आपलं?"

मला वाटलं होतं मी केमिकलला दोष दिला. तो कोणाच्या हातावर जाऊन बसणार हे मला दिसलं नाही, किंवा दिसलं आणि मी मान वळवली. उन्हाला दोष दिला असता तर चाललं असतं. ऊन तिथे नोकरीला नव्हतं.

सुनंदाताई काउंटरमागून फडकं घेऊन आल्या आणि काचेवरचं स्वस्तिक पुसून टाकलं. ओल्या फडक्याने आधी, मग कोरड्याने.

मेलेला मासा मी पिशवीत घालून नेला. दवाखान्याच्या शेजारी पॅथॉलॉजी लॅब आहे, तिथला मुख्य माणूस ओळखीचा. कल्ल्याचा थोडा बुळबुळीत भाग काचपट्टीवर घेऊन त्याच्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. गोल, अंगावर केस असलेले जीव सावकाश गरगर फिरत होते. पुस्तकात असतं तसंच. लॅबवाल्याने विचारलं, "कोणाचं सॅम्पल आहे?"

"पेशंट गेला," मी म्हटलं.

"मग आता पाहून काय फायदा?"

त्याचं बरोबर होतं. पण शेजारच्या दरवाज्यात जाऊन "कुंकवाचं काही नव्हतं" एवढं सांगायचा फायदा होता. तो मी घेतला नाही. मोटरसायकल काढून पुलगावला आलो.

तोवर क्लाउनफिशच्या जोडीवरही ठिपके आले होते. पाणी सुधारू द्या असं मॅडमना सांगून त्यांना घरी आणलं आणि आधी थोडा वेळ गोड्या पाण्यात बुडवलं. अंगावर चपट्या किड्यांसारखे परजीवी असतील तर ते गोड्या पाण्यात तिळासारखे पांढरे होऊन गळतात. काही गळलं नाही. म्हणजे दुसरी शंका मिटली, रोग तोच. कांदे पोत्यात गेले. टाकी धुऊन खारं पाणी भरलं. वाळू नाही, दगड नाही, लपायला फक्त पाइपचे तुकडे. त्यात तांब्याचं औषध. हे औषध विचित्र आहे. कमी पडलं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. म्हणून रोज पाणी तपासायचं. दगड-वाळूत ते मुरून बसतं, म्हणून मुख्य टाकीत ते टाकायचं नाही. मुख्य टाकीवर उपाय एकच, तिथे दीड-दोन महिने मासाच ठेवायचा नाही. खायला मासा नाही, तर परजीवी उपाशी मरतो.

औषध लागू पडलं. पण दवाखान्यात दिवे लावलेली रिकामी टाकी राहिली, आणि रिकाम्या टाकीला लोक कारण विचारतात. मॅडम सांगायच्या, पाणी खराब झालं होतं. आजी खरं सांगायच्या, म्हणजे मी सांगितलेलं.

पाणी तपासायला गेलो तेव्हा काउंटरवर नवी मुलगी होती. एका पोराने तिला विचारलं, "मासे कुठं गेले?"

"सुट्टीवर."

"सुट्टी तं मले बी हाये, मी तं आलो," पोरगं म्हणालं आणि खुर्चीत बसायला रडू लागलं. त्याला टाकीसमोर न्यायला कोणी नव्हतं.

सुनंदाताई आतल्या खोलीत होत्या. सांडश्या-आरसे धुऊन मशीनमध्ये लावत होत्या. मॅडम मला हळूच म्हणाल्या, "मी काही म्हटलं नाही हो त्यांना. त्याच म्हणाल्या, मी आत बसते. बाहेर एक-दोन बायकांनी विचारलं म्हणे, हात लागला तो याच बाईचा का. आता आईंना कोण समजावणार?"

समजावणारा मीच होतो. मी पाण्याचा खारटपणा पाहिला, ठीक आहे म्हणालो आणि निघालो.

पुढच्या रविवारी सिंदीला गेलो. ताईंनी चहा केला. कप हातात घेतल्यावर मी म्हटलं, "ताई, मासा तुमच्यानं नाई मेला."

"मले माहीत हाये."

"कसं?"

"कुंकवानं मासे मरत असते तं गणपतीत धाम नदीतले सारे मेले असते."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "मंग तेव्हाच काऊन नाई बोलल्या?"

"कोण आयकलं असतं? तुमी बोलले तं शास्त्र, मी बोलली तं तोंड." त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "रोग होता ना त्याले?"

"हो. मी वेगळा ठेवला नाई. घरच्या टाकीत कांदे होते."

"कांदे?"

"कांदे."

त्यांनी आपला कप खाली ठेवला. मी म्हटलं, "मले माफ करा, ताई."

"चहा घ्या, थंडा होऊन राह्यला." मग म्हणाल्या, "माह्या घरी माफी मागून काय होते भाऊ? इथं तं मले कोणी काही म्हणतच नाई. बोलले तं तिथं होते, काउंटरसमोर."

बायकोला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "गिऱ्हाईक जाईल."

"जाईल."

"आणि माझ्या कांद्यांचं नाव घेऊ नका." तेवढं मी पाळलं नाही, हे आता तिला कळेल.

क्लाउनफिश पूर्ण बरे झाले, मुख्य टाकीची मुदतही संपली, तेव्हा एका शनिवारी त्यांना परत नेलं. शनिवारी दवाखाना भरलेला असतो. आजी हळद-कुंकवाचं ताट घेऊन तयार होत्या. या वेळी स्वतः. मी आतल्या खोलीच्या दारात जाऊन म्हटलं, "ताई, जरा बाहेर या." हातातले मोजे तसेच ठेवून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मासे आणले की लगेच सोडत नाहीत. पिशवी बंद तशीच पाण्यावर तरंगत ठेवतात, आतलं आणि बाहेरचं पाणी एकसारखं गार-गरम होऊ देतात. तेवढा वेळ माणसाला काही काम नसतं. मी ती वेळ धरून ठेवली होती.

तेव्हा जे बोललो त्याचा निकाल आधी सांगतो. त्या टाकीचं काम आता नागपूरचा एक जण पाहतो. त्याच्याकडे क्वारंटाइनची वेगळी टाकी आहे आणि तिच्यात फक्त मासे असतात. माझ्याकडेही आता आहे. सुनंदाताई काउंटरवर आहेत, नवी मुलगी आत. आजी अजून त्यांच्याशी फार बोलत नाहीत, पण दाण्याचा डबा संपला की त्याच आठवण करून देतात. धडा एवढाच घेतला की नवा मासा आणि तोंडावर आलेलं पहिलं कारण, दोन्ही काही दिवस वेगळं ठेवून पाहावं.

तर पिशवी तरंगत होती. मी म्हटलं, "आजी, ताट जरा खाली ठेवा. मला बोलायचं आहे."

बाकावरच्या आया मोबाइलमधून वर पाहू लागल्या.

"निळा मासा कुंकवानं मेला नाही. त्याच्या अंगावर रोगाचे जीव होते. ते मुंबईहून त्याच्यासोबत आले. मी त्याला वेगळं ठेवायला पाहिजे होतं, ते ठेवलं नाही."

"म्हंजे हाताचा काही संबंध नाई?" आजींनी विचारलं.

"हाताचा आहे. माझ्या."

"मंग तेव्हा कुंकू काऊन म्हटलं?"

"भेव वाटलं."

"कोणाचं?"

"मॅडमचं. चिलरची हमी दिली होती."

मॅडमनी कपाळाला हात लावला. एका पोराने आईला विचारलं, चिलर म्हणजे काय. तिने त्याला गप्प केलं. मी दाराकडे वळलो. बोलायचं घरून ठरवून आलो होतो, त्यातलं निम्मं विसरलो. उरलेलं असं होतं:

"सुनंदाताई, मी खोटं बोललो. इथं, याच जागी, या सगळ्यायसमोर बोललो. तुमी फडकं घेऊन काच पुसली तेव्हाही मले खरं माहीत होतं आणि मी उभा राहून पाह्यत होतो. मासा मी मारला आणि नाव तुमच्या हाताचं झालं. मले माफ करा."