बार्दुर अजून जोडलेला आहे

लाइविक या बेटावरच्या गावात कॉम्प्युटर अडला की लोक आधी त्याला शिव्या घालत आणि मग रान्वाला फोन लावत. रान्वाची अर्धी हयात मासळीच्या कारखान्यात, हिशेबाच्या खोलीत गेली होती. कारखाना बंद पडला, तेव्हा तिथला सर्व्हर कुणी भंगारातही घेईना. रान्वाने तो उचलून गावच्या सभागृहाच्या तळघरात ठेवला, घराघरातून तारा ओढून घेतल्या, आणि प्रत्येकाला त्यात एक एक फोल्डर करून दिला. मेंढ्यांचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ, चर्चमधली गाणी, सगळं तिथे. सर्व्हर हा शब्द गावाच्या तोंडी कधी बसलाच नाही. लोक सरळ म्हणत, "रान्वा, तळघर उघडत नाहीये गं."

मग रान्वा जायची. त्या बेटावर दार वाजवून आत शिरणारा माणूस म्हणजे एक तर परदेशी, नाही तर पोलीस. ती सरळ आत जायची, बूट काढायची, कॉफी मागायची आणि विचारायची, "शेवटचा हात कुणी लावला?" उत्तर ठरलेलं असायचं: कुणीच नाही. या 'कुणीच नाही'ला रान्वा चांगली ओळखून होती. तो कधी नवऱ्याच्या रूपात निघायचा, कधी केबलवर झोपलेल्या मांजराच्या. मशीन आपण होऊन काही करत नाही, मागे कुणीतरी असतंच, हा तिचा धर्म. तोंडाने फटकळ होती, पण कामाला वाघ. तिच्या हातून न सुटलेली अडचण गावाने पाहिली नव्हती.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी तूरीचा फोन आला. तूरी म्हणजे बार्दुरची बायको. बार्दुर शरद ऋतूत समुद्रावर गेला तो गेलाच. होडी सापडली, तो सापडला नाही. पाद्री दर रविवारी बेटावर येत नसे. तो नसला की चर्चमध्ये प्रवचन वाचायचं आणि गाण्याला आवाज द्यायचा, हे काम बार्दुरचं होतं. समुद्रात गेलेल्यांसाठी म्हणायचं जे जुनं स्तोत्र आहे, त्याच्या शेवटच्या कडव्याला चाल एकदम वळते. ते वळण त्याला आजोबांकडून मिळालं होतं. बाकी सगळे तिथे गप्प होत आणि तो एकटा म्हणे. आता येत्या रविवारी खुद्द त्याच्याच नावाची प्रार्थना होती.

"ज्या दिवशी गेला ना, त्या सकाळी तेच स्तोत्र रेकॉर्ड करत होता," तूरी म्हणाली. "होडीघरात बसून. ते तळघरात असणार. ते नसेल तर रविवारी शेवटचं कडवं म्हणणार कोण? त्याच्या नावाची प्रार्थना आणि त्याचीच चाल अर्धी सोडायची? मी चर्चची पायरी चढणार नाही, सांगून ठेवते."

"चढशील गं. आधी कॉफी टाक," रान्वा म्हणाली आणि कॉम्प्युटरसमोर बसली.

बाहेर धुकं इतकं उतरलं होतं की शेजारचं घरही दिसेना. तूरीचा कॉम्प्युटर तळघर शोधत होता आणि सापडत नाही म्हणून हात वर करत होता. तार ठीक होती. पासवर्डही तोच, गावात कुणी दाराला कुलूप लावत नाही तिथे पासवर्ड कोण बदलतो? मग रान्वाच्या ध्यानात आलं. बार्दुर जायच्या आधी एका वादळात वीज गेली होती, ती आली तेव्हा सर्व्हरला नवा क्रमांक मिळाला होता. होडीघरातल्या मशीनवर तिने तो तेव्हाच घातला होता, पण तूरीचा कॉम्प्युटर बिचारा जुन्याच दारावर थापा मारत बसला होता. तिने नवा क्रमांक घातला. फोल्डर फटाफट उघडले.

"झालं. यासाठी रडत होतीस?"

बार्दुरच्या फोल्डरमध्ये एकच मोठी फाइल होती. रान्वा ती उघडायला गेली आणि पडद्यावर पाटी आली: ही फाइल दुसरा कुणी वापरत आहे. वापरणारा: बार्दुर.

तूरीने कॉफीचा कप खाली ठेवला आणि पडद्यावरचं ते नाव बोटाने पुसून पाहिलं.

"घाबरू नकोस," रान्वा म्हणाली. "त्याचा होडीघरातला कॉम्प्युटर चालूच राहिलेला दिसतोय. तू बंद केला होतास?"

"मी तिथे पाऊलच ठेवलं नाही त्या दिवसापासून. कुणालाही जाऊ नका म्हटलंय."

मग बरोबर आहे, असं म्हणून रान्वाने तिला समजावलं. होडीघर पाण्याला टेकून, त्यामुळे बार्दुरच्या गाण्यात निम्म्या लाटाच भरायच्या. म्हणून रान्वानेच त्याला एक सोय करून दिली होती: माइकजवळ माणसाचा आवाज आला तरच रेकॉर्डिंग चालायचं, एरवी झोपून राहायचं. आणि बार्दुर फायली हरवण्यात पटाईत, म्हणून सगळं एकाच फाइलला जोडत जायचं. तो गाता गाता उठून गेला असणार, जाळं बघून येतो म्हणून. तेव्हापासून ते मशीन त्याची वाट बघत फाइल धरून बसलंय.

"इथून तोडून टाक ना मग."

"तोडलं तर फाइल अर्धवट राहील. पुन्हा उघडेलच असं नाही. त्याच्याच मशीनवर जाऊन नीट बंद करायला हवं."

रान्वा फाइलीकडे बघत बसली. नावापुढे फाइलीचा आकार लिहिला होता, तिने सवयीने पुन्हा पुन्हा तपासला. आकडा तोच. पुन्हा तोच. मग तो वाढला.

रान्वाला वाटलं आपले डोळे फसवतायत. तिने चष्मा पुसला. आकडा पुन्हा वाढला, आणि मग थांबेचना, सावकाश वाढतच राहिला.

"काय झालं?" तूरीने विचारलं.

खोटं बोलणं रान्वाला कधी जमलं नाही. "कुणीतरी माइकसमोर बोलतंय," ती म्हणाली. "आत्ता."

तूरी कोटही न घालता धावली. रान्वा मागून, एका पायात बूट आणि दुसरा हातात. वाट ओली, दोन्ही बाजूंना मेंढ्या धुक्यात नुसत्या उभ्या. समुद्र दिसत नव्हता, ऐकू मात्र येत होता. आणि होडीघराच्या अलीकडच्या वळणावर दोघींनाही आणखी काहीतरी ऐकू आलं. शब्द कळत नव्हते. चाल कळत होती. तूरीने रान्वाचा दंड असा पकडला की पुढे कित्येक दिवस तिथे निळं पडलं होतं.

दार ढकललं आणि आवाज थांबला.

आत हानुस बसला होता, बार्दुरचा धाकटा भाऊ. कुरणाच्या हद्दीवरून दोघं भाऊ कैक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, चर्चमध्येही वेगवेगळ्या बाकांवर बसायचे. उलट्या टोपलीवर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून तो माइककडे बघत होता. पडद्यावर रेकॉर्डिंगची लाल खूण जळत होती.

"तू?" तूरी आगीसारखी भडकली. "जिवंत होता तेव्हा त्याचं तोंड बघितलं नाहीस! आता त्याच्या जागेवर बसून त्याचं गाणं म्हणतोस? लाज नाही वाटत?"

"वहिनी, मी नाही म्हटलं. मला कुठे येतं गाता?"

ते खरं होतं. हानुसने तोंड उघडलं की चर्चमधली पोरं हसायची, म्हणून तो ओठ नुसते हलवायचा. हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण रागात माणसाला माहीत असलेलं आठवत नाही.

"मी वर मेंढ्यांकडे असतो," हानुस म्हणाला. "तिथे ऐकू आलं. पहिल्यांदा वाटलं तूच काहीतरी लावलंयस. म्हणून आत आलो, तर कुणी नाही. आत आलं की तो गप्प होतो, वहिनी. जरा बसून राहावं लागतं. दार लाव आणि बस, अगदी थोडा वेळ."

रान्वाची नजर तारांवरून फिरली. माइकची तार होती, विजेची होती. स्पीकर नव्हता. या खोलीत वाजेल असं काहीच नव्हतं. हे तिने बोलायला हवं होतं. पण ती पुन्हा एकदा त्याच तारा मोजत राहिली.

"बाहेर हो," तूरी म्हणाली. "रविवारी मला ते कडवं हवंय आणि तू माझी थट्टा करतोस? रान्वा, कुठे दाबायचं?"

"तूरी, जरा थांबू या का?"

"कुठे दाबायचं?"

रान्वाने बोट दाखवलं. हानुस उठून उभा राहिला, "वहिनी, नको," म्हणाला. तूरीने बटण दाबलं. लाल खूण विझली. फाइल नीट बंद झाल्याची पाटी आली, आणि सर्व्हरवर बार्दुरचं नाव उरलं नाही. हानुस टोपी डोक्यावर घालून निमूट निघून गेला.

फाइल घरी उघडली, अगदी विनातक्रार. बार्दुरचा आवाज आला, खाकरला, आणि स्तोत्र सुरू झालं. शेवटच्या कडव्याशी येऊन तो थांबला. "जाळं बघून येतो," असं स्वतःशीच म्हणाला. दार वाजलं. तूरी तोंडावर हात दाबून रडली. कडवं नव्हतंच. फाइल मात्र संपली नव्हती, पुष्कळ उरली होती. रान्वाने ती पुढे वाजू दिली.

तोच आवाज. तेच कडवं, आजोबांच्या वळणासकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फक्त श्वास कुठेच घेतलेला नाही. त्यानंतर पावलं, टोपली ओढल्याचा आवाज आणि हानुसचं खरखरीत बोलणं, अगदी माइकजवळ:

"बार्दुर, चुकलं रे माझं. पुन्हा एकदा म्हणशील?"

आणि बार्दुरने पुन्हा म्हटलं.

कितीतरी वेळा होतं ते, वेगवेगळ्या दुपारींचं. दर वेळी हानुस मागायचा आणि दर वेळी त्याला मिळायचं. शेवटी तूरीचाच आवाज आला, लाज नाही वाटत, बाहेर हो, कुठे दाबायचं. मग काही नाही.

"मी एकदाही काही विचारलं नाही त्याला," तूरी म्हणाली. "त्याच्यासमोर उभी राहून भांडले नुसती."

रविवारी चर्च भरलं. शेवटच्या कडव्याला सगळे गप्प झाले आणि तूरीने ते वळण घेतलं, बरोबर घेतलं. हानुसला तिने आपल्या बाकावर बसवलं होतं. गावाने रान्वाची पाठ थोपटली. नेमका बिघाड काय होता, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ती कॉफी आणायला उठून गेली.

सोमवारी तूरीच्या सांगण्यावरून रान्वाने होडीघरातलं रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. तोच माइक, तीच फाइल, नावही बार्दुरचंच. तेव्हापासून दुपार झाली की तूरी आणि हानुस खाली जातात, दार लावतात, गप्प बसतात. रान्वा आपल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून फाइलीचा आकार बघते. आकडा अधूनमधून थोडा हलतो. तिला माहीत आहे, ती तूरी असते, विचारत असते. मग रान्वा बार्दुरच्या आवाजाची वाट बघते, आणि आकडा तिथेच राहतो.