मशीनला लावलेलं कुंकू

माझे यजमान हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. ते गेल्यावर कंपनीने त्यांच्या जागी मला घेतलं, म्हणजे कारखान्यात नाही, ऑफिसात, टायपिस्ट म्हणून. मॅट्रिकनंतर मी टायपिंगची परीक्षा दिली होती, ती अशी कामी आली. ऑफिसात सगळे मला वहिनी म्हणत. त्यांच्या लेखी मी शेवटपर्यंत यजमानांची बायको होते, आणि त्याचं मला वाईटही वाटत नसे.

पाच-सहा वर्षं टाइपरायटर बडवल्यावर कंपनीत कॉम्प्युटर आला. नवे साहेब बाहेरगावचे होते आणि त्यांना सगळं झपाट्याने करायचं होतं. मोठे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, म्हणाले की या वयात आपल्याला हे झेपणार नाही. दुसरं कोणी पुढे होईना. मग साहेबांनी मला रामदासपेठेत, जिथून मशीन घेतलं त्या दुकानाच्या माडीवर, शिकायला पाठवलं. मी घाबरत गेले आणि शिकून आले. कारखान्याची हजेरी आणि पगारपत्रक मशीनवर चढवायचं काम माझ्याकडे आलं.

मशीनसाठी काचेची वेगळी खोली केली होती. तिला एसी होता, आणि चपला बाहेर काढाव्या लागत. साहेबांच्या केबिनमध्येही लोक चपला घालून जात, पण या खोलीत नाही. शिपाई तर दारातून आत नमस्कार करायचा.

त्या वर्षी खंडेनवमीला कारखान्यात नेहमीप्रमाणे यंत्रांची पूजा झाली. लेथ धुऊनपुसून हार घातले, नारळ फुटले. मग सगळे ऑफिसात आले. काचेच्या खोलीत पूजेचं ताट आणलं गेलं आणि साहेब सहज म्हणाले, "मशीन तुम्ही चालवता, पूजा तुम्हीच करा."

मी मागे सरले. मोठे बाबू साहेबांच्या कानाशी लागले. हळूच बोलत होते, पण खोली केवढीशी! "साहेब, एखाद्या सवाष्णीच्या हातून झाली तर बरं राहील." साहेबांना 'सवाष्ण' कळलं नाही, की कळून त्यांनी कानाआड केलं, मला माहीत नाही. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "चला, चला, उशीर होतोय."

मोठ्या बाबूंनी मग निदान दिशा तरी नीट असावी म्हणून मशीनचं तोंड पूर्वेकडे करायला लावलं. शिपायाने टेबल ओढलं, त्यांनी स्वतः मॉनिटर उचलून धरला. वायरी ताणल्या गेल्या, पण तेव्हा कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. माझं तर नव्हतंच. माझं लक्ष ताटातल्या कुंकवाकडे होतं.

यजमान गेल्यापासून मी कुंकवाला बोट लावलं नव्हतं. कोणी मनाई केली नव्हती. मीच लावलं नव्हतं. त्या दिवशी अनामिकेवर कुंकू घेतलं, मशीनच्या कपाळावर टेकवलं, मॉनिटरला लावलं. फूल वाहिलं. अक्षता टाकल्या. पाण्याचे दोन थेंब शिंपडले. सगळं मी अगदी सावकाश केलं. लोकांना वाटलं असेल, घाबरली. मी घाबरले नव्हते. मला आवडलं होतं. इतकं आवडलं होतं की संध्याकाळी बसमधून घरी जाईपर्यंत मी ते बोट पदराला पुसलं नाही.

घरी सासूबाईंनी ते पाहिलं. त्या मूळच्या कुहीकडच्या, धानाच्या शेतात जन्म गेलेल्या, बोलायला फटकळ. मला वाटलं, आता काही ऐकावं लागणार. "कायचं कुकू हाय वं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझं बोट धरून उजेडात पाहिलं. मग म्हणाल्या, "चांगलं झालं. तो असता तर त्यानंच केली असती पूजा. त्याचीच तर जागा हाय तुही."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले. मशीन शिपायाने पुन्हा जागच्या जागी फिरवून ठेवलं होतं, कुंकू तसंच होतं, हार सुकला होता. मी एसी लावला, स्टॅबिलायझर लावला, काटा स्थिर होऊ दिला आणि मशीनचं बटण दाबलं. आतला पंखा फिरायला लागला. मग आवाज आला. एक लांब, आणि मागोमाग दोन आखूड. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पडदा काळाच राहिला.

मी बंद केलं, थांबले, पुन्हा चालू केलं. तोच आवाज. मशीन विव्हळल्यासारखं वाटलं.

शिकवलेलं सगळं मी आठवून आठवून केलं. प्लग काढून घट्ट बसवला. मॉनिटरचा दिवा लागतो का पाहिलं, लागत होता. उजेड कमी-जास्त करायचं बटण कोणी फिरवलं असेल म्हणून पूर्ण उघडलं. फ्लॉपी काढून दुसरी घातली. मागची वायर दाबून पाहिली. पडदा काळाच. दिवाळी तोंडावर होती आणि सगळ्या कारखान्याचा बोनस त्या डब्यात होता.

आवाज ऐकून मोठे बाबू दाराशी आले. त्यांनी चपला काढल्या, आत आले, काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खिशातून रुमाल काढला, आणि मी लावलेलं कुंकू पुसून टाकलं. आधी मशीनचं, मग मॉनिटरचं. नीट, कोपऱ्यात राहिलेलंसुद्धा. रुमालाची घडी घातली आणि निघून गेले.

ते बोलले असते तर मी काही उत्तर दिलं असतं. निदान रडले असते. त्या रुमालापुढे मी खुर्चीत बसून घेतलं. तासाभरात ऑफिसातले सगळे काही ना काही निमित्ताने काचेपाशी येऊन गेले. मी आत बसले होते, मासोळीसारखी, चारी बाजूंनी दिसणारी.

टेलिफोन ऑपरेटर म्हणून एक बाई होती, माझ्याच वयाची. ऑफिसात आम्ही दोघीच बायका. मी तिच्या बोर्डापाशी गेले आणि रामदासपेठेला फोन लावायला सांगितला. तिने लावला, इंजिनियर दुपारी येतो म्हणाला. मग तिने कानावरचा हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं.

"रडून काहून राहिली वं?"

मी सगळं सांगितलं. सवाष्णीचं, रुमालाचं. ती आदल्या दिवशी पोराबाळांना घेऊन दीक्षाभूमीवर गेली होती, दरवर्षी जायची. पाय सुजले होते तिचे. ती आधी हसली. "मशीनले काय माहीत वं कोणाच्या कपायावर काय हाय आन् काय नाही!" मग माझा चेहरा पाहून तिचं हसू गेलं. "थांब. तुले खरंच वाटते काय तसं?"

तेवढ्यात बोर्डावर दिवा लागला आणि तिला बोलावं लागलं. मला सुटल्यासारखं झालं. कारण मला खरंच वाटत होतं. मॅट्रिक झालेली, नोकरी करणारी, साऱ्या कारखान्याची हजेरी मशीनवर चढवणारी मी सकाळपासून मनात एकच म्हणत होते, की आपण हात लावायला नको होता. बाबूंचा राग नव्हता आला मला. बाबूंचं बरोबर आहे असं वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला ते कुंकू लावताना आवडलं म्हणूनच हे झालं, असं वाटत होतं.

इंजिनियर जेवण आटोपून स्कूटरवर आला. जाडजूड, घामाघूम माणूस, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. थुंकून आत आला. साहेब, मोठे बाबू, आणखी दोघं-तिघं मागे उभे राहिले. त्याने मशीनवरचा हार उचलून बाजूला ठेवला.

"पूजा झाली वाटते. कोणी केली?"

त्याला फक्त पाणी कुठे पडलं ते विचारायचं होतं. पण सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मग मोठे बाबू म्हणाले, "वहिनींनी." एवढंच. बाकीच्यांनी खाली पाहिलं. माझे कान तापले.

"पाणी गेलं असेल आत," कोणीतरी म्हणालं.

इंजिनियरने कीबोर्ड काढून वर्तमानपत्रावर उपडा केला आणि थोपटला. कुंकवाने लाल झालेले तांदूळ भराभर खाली पडले. एवढे मी टाकले होते? "मॅडम, मशीनमधी पुलाव करता काय?" तो म्हणाला आणि सगळे हसले. साहेबही हसले. मीसुद्धा हसले, हे मला अजून आठवतं. हसले नसते तर रडले असते.

कीबोर्ड पुसून, जोडून त्याने बटण दाबलं. एक लांब, दोन आखूड. तो थांबला. बंद करून पुन्हा लावलं आणि मान तिरपी करून ऐकलं.

"सकाळपासून हेच वाजून राहिलं काय?"

"हो," मी म्हटलं.

"मंग पहिलेच सांगायचं ना, मॅडम! हे त्याचं बोलणं हाय. कीबोर्डचा काही संबंध नाही. पडद्यावाल्या कार्डाची तक्रार हाय हे."

मी सकाळपासून ते रडणं समजत होते. कोणी विचारलं असतं तरी मी आवाजाबद्दल बोलले नसते. मला वाटायचं, ते माझ्याबद्दलच काहीतरी सांगतंय.

त्याने मागचे स्क्रू काढले आणि झाकण सरकवलं. आत मी पहिल्यांदाच पाहत होते. धूळ, वायरी, आणि उभ्या लावलेल्या हिरव्या पट्ट्या. त्यातली एक एका बाजूने वर उचलली गेली होती, हलणाऱ्या दातासारखी. मॉनिटरची वायर बाहेरून तिलाच जोडलेली होती.

"मशीन हलवलं होतं काय कोणी? वायर लावल्या लावल्याच?"

शिपाई दारात होता, तो बाहेर पाहायला लागला. मी मोठ्या बाबूंकडे पाहिलं नाही. म्हटलं, "पूजेसाठी तोंड पूर्वेला केलं होतं."

"हौ, मंग बरोबर. वायर ओढल्या गेली, कार्ड उचललं."

"दिशा पाहावी लागते," मोठे बाबू म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, ना राग ना ओशाळेपणा. त्यांच्या मनात दोन गोष्टी जोडल्याच गेल्या नसाव्यात.

इंजिनियरने ती पट्टी बाहेर काढली आणि माझ्याकडे खोडरबर मागितलं. मी ड्रॉवरमधून दिलं. पट्टीच्या काठावरचे पिवळे दात त्याने शाळेतल्या पोरासारखे घासघासून चकचकीत केले, फुंकर मारली, आणि पट्टी जागेवर ठेवून अंगठ्याने जोरात दाबली. कट्ट आवाज झाला. पट्टी पाठीमागे धरून ठेवणारा एक स्क्रू तिथे नव्हताच, हे मी पाहिलं. तो असता तर वायर ओढूनही पट्टी हलली नसती. मशीन बसवून दिलं होतं त्याच्याच दुकानाने. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून स्क्रू काढून गुपचूप पिळला. मी पाहतेय हे त्याला दिसलं. मी नजर पडद्याकडे वळवली.

बटण दाबलं. एकच लहानसा आवाज आला, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"चला, झालं एकदाचं," मोठे बाबू म्हणाले आणि शिपायाला चहा सांगितला. साहेब केबिनमध्ये गेले. गर्दी पांगली. मी कामाला बसले, पण बोटं चालेनात. मला हलकं वाटत होतं. निर्दोष सुटल्यासारखं. आणि त्या हलकेपणाचीच मग मला लाज वाटायला लागली. म्हणजे पट्टी हलली होती म्हणून मी सुटले. समजा, खरंच पाणी गेलं असतं, मग? तेव्हा ते पाणीच असतं ना? कोणाही सवाष्णीच्या हातून पडलं असतं तरी पाणी ते पाणीच. पण मी ते तसं मानलं नसतं. आयुष्यभर मानलं नसतं.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये ती ऑपरेटर माझ्या शेजारी बसली. "काय निघालं?"

"आतली एक पट्टी हलली होती."

"मंग?"

"मग काही नाही. बसवली."

सकाळचा, 'तुले खरंच वाटते काय' हा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. विचारला असता तर मी खोटं बोलले असते, हे तिला कळलं असावं. ती सुजलेले पाय समोरच्या सीटखाली ताणून झोपी गेली.

मशीनचं झाकण उघडायला मी त्यानंतर शिकले. पट्टी काढायची, खोडरबराने घासायची, दाबून बसवायची. चिप्स गरम-थंड होऊन खोबणीतून वर येतात, त्या अंगठ्याने खाली दाबायच्या. पुढे शेजारच्या कंपनीतूनही एक-दोनदा बोलावणं आलं. मोठे बाबू पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "आमच्या वहिनी सगळं जाणतात." मनापासून सांगत. वाईट माणूस नव्हता तो; यजमान गेले तेव्हा दवाखान्यापासून अंबाझरीच्या स्मशानघाटापर्यंत तोच धावपळ करत होता.

पुढच्या नवमीला ताट घेऊन तेच आले. या वेळी साहेबांनी सांगण्याचीही वाट पाहिली नाही. म्हणाले, "वहिनी, या. तुम्हीच करायची."

मी ताटाकडे पाहिलं. कुंकवाची वाटी काठोकाठ भरलेली होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "मला अडचण आहे."

नव्हती. साफ खोटं होतं. पण पुन्हा काही बिघडलं असतं, तर मी पुन्हा स्वतःच्या हातालाच दोष दिला असता. आणि बायकांची अडचण म्हटल्यावर पुढे कोणी काही विचारत नाही. "बरं बरं," म्हणत ते घाईने दोन पावलं मागे सरले, ताट माझ्यापासून लांब धरून. कोणीतरी कोणाला तरी हाक मारली, तोवर मी चपला घालून बाहेर पडले होते.

टेलिफोनच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. तिकडून घंटी वाजल्याचा आवाज आला, मग नारळ फुटल्याचा. "काहून आली वं इकडं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "सहज." नारळाचा तुकडा घेऊन शिपाई आला, तो तिने नको म्हटला. मी घेतला आणि हातात धरून बसले.