केतकीची चेन्नईतली अम्मा

दिवाळीलाही रजा मिळणार नाही म्हटल्यावर केतकी म्हणाली, "आई, तूच ये ना राहायला." मी लगेच पुण्याहून गाडी धरली. सोबत लेकीसाठी चकल्या आणि मेतकूट.

सेंट्रल स्टेशनाबाहेर पडताच दमट हवेने अंगावर ओलं पांघरूण टाकलं. पाट्यांवरचं एक अक्षर लागेना. जाणाऱ्यांना सांगते, रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. इथे मीटर नुसता शोभेला असतो.

तिरुवान्मियूरला केतकी दारात उभी होती. तिने आत तोंड करून हाक मारली, "अम्मा, आई आली!"

अम्मा? म्हणजे घरमालकीण, रुक्माबाई. तंजावरकडच्या मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या. नऊवारी, नाकात दोन्हीकडे चमकी, आणि मराठीला तमिळ हेलकावा.

"या हो, बसा. प्रवास बरा झाला कीं?"

त्यांनी कॉफी दिली. केतकीच्या कॉफीत साखर कमी घातली, न विचारता. ते पाहून माझ्या पोटात दुखलं. माझ्या घरी ती दोन चमचे घ्यायची.

दिवसा केतकी शोळिंगनल्लूरला ऑफिसात. मी मैलापूरला हातभर मोजून मिळणारा मोगऱ्याचा गजरा घेतला, समुद्रावर फिरले, केळीच्या पानावर जेवले. शहर आवडायला लागलं होतं. पण संध्याकाळी घरी यावं तर दोघी ओट्याशी, तमिळमध्ये खिदळताहेत. मी वरणभात केला, तर केतकीने त्यावर रुक्माबाईंचं रसम ओतून घेतलं.

एकदा मी भजी तळायला घेतली. रुक्माबाई म्हणाल्या, "केतकीस तळलेलें नको. काविळींतून उठली आहे."

"कावीळ? कधी?"

त्या गोंधळल्या. "पावसाआधीं. तुम्हांस सांगितलें नाहीं कीं?"

केतकी आल्यावर मी चप्पल काढायचीही उसंत दिली नाही. "मी मेले होते का गं?"

"तू घाबरून धावत आली असतीस. बाबांचं नुकतं ऑपरेशन झालेलं. आणि अम्मा होती ना इथे!"

शेवटचं वाक्यच लागलं. माझं पोर पिवळं पडलं होतं तेव्हा त्याच्या उशाशी दुसरीच बाई बसली होती. तिचे उपकार मानायचे होते, पण मी भज्यांची कढई घासायला घेतली.

शेवटी निघायच्या दिवशी मी रुक्माबाईंचे हात धरले. "तुम्ही होतात म्हणून..."

त्या म्हणाल्या, "तुमची बरी आहे हो. आमची लेक परदेशीं, तिला कोण बघतें, ठाऊक नाहीं. ही तरी रोज फोनवर तुमच्याशीं बोलते. मीं कान देऊन ऐकतें."

म्हणजे त्याही जळत होत्या तर! मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुण्यात परतल्यावर आमटीत चिंच जास्त पडते, कॉफी पातळ लागते. परवा केतकीचा फोन आला. आवाज बसलेला.

"सर्दी झालीय. तुलाच पहिल्यांदा सांगतेय हं."

मी हरखले. फोन ठेवला आणि लगेच रुक्माबाईंना लावला. जरा लक्ष ठेवा म्हटलं.

"सकाळींच काढा दिला," त्या म्हणाल्या. "आतां दुसरा उकळतें आहें."

मी फोन ठेवून चांगली जळफळले. मग जेवले आणि निवांत झोपले.