वहिनीच्या वाट्याचं गणित

आमची वहिनी हट्टी. एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. भुंगीला, म्हणजे माझ्या भाचीला, शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा मी घसा कोरडा करून सांगितलं, "वहिनी, लेकराच्या आयुष्याशी खेळ नको." मशिनवरची मान वर न करता ती म्हणाली, "ताई, शाळेत ती रोज रडायची. इथं हसते. अजून काय हवं?" कपाळ माझं!

वहिनी कपडे शिवते, दादा कपाटं बनवतो. पुढच्या खोलीत तिचं मशिन, मागच्या शेडमध्ये त्याची करवत, आणि मधल्या टेबलावर भुंगी. बाकी विषय वहिनीकडे, गणित मात्र दोघांनी वाटून घेतलेलं. पाढे, भागाकार, अपूर्णांक तिचे. मोजमाप आणि भूमिती त्याची. वहिनी इंचात मोजते, पाव, अर्धा, पाऊण. दादा सगळं मिलिमीटरमध्ये मोजतो, त्याचे आकडे कायम पूर्ण. पोरगी हुशार, दोन्हीकडचं टिपून घ्यायची. मला कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा मात्र भलतंच झालं. मी आणलेली फळांची पिशवी तिनं काट्यावर ठेवली आणि ओरडली, "आत्या, पंचवीस किलो!" काट्यावर दोन पॉइंट पाच, म्हणजे अडीच होतं. दादा खो खो हसला. त्याला वाटलं, पोर चेष्टा करतेय. ती करत नव्हती. मी तिचा चेहरा बघत होते.

वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, "हिला दशांश चिन्ह शिकवलंय ना?"

"ते मोजमापात येतं, ह्यांच्याकडे. शिकवलं असेल. तुम्ही ना ताई, परीक्षा घ्यायलाच येता!"

असा राग आला! तडक घरी निघून आले. पण ते पंचवीस किलो काही डोक्यातून जाईना.

पुढे बाळाच्या हृदयाचं दुखणं निघालं. बाळ म्हणजे भुंगीचा भाऊ, जेमतेम बसायला लागलेला. पातळ औषध होतं, जालीम. थेंबभरही जास्त नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. वहिनी कुणाला बाटलीला हात लावू द्यायची नाही. त्या दिवशी तिला तातडीनं कपडे पोचवायचे होते, तेव्हा भुंगी म्हणाली, "मी देते. बाटलीवर लिहिलंय तेवढंच ना?" वहिनीला आनंदच झाला. घरातलं प्रत्येक काम म्हणजे गणिताचा तास, हे तिचं ठाम मत. "नीट वाचून दे," म्हणाली आणि गेली.

दुपारी मी पोचले तेव्हा मागे करवत चालू होती आणि बाळ झोपलं होतं. फारच गाढ. हलवलं तर मान लुळी पडली, ओठ निळसर. मी किंचाळले तशी करवत थांबली.

दवाखान्यात वहिनी धावत पोचली, तोवर डॉक्टर विचारत होते, "किती दिलं?"

भुंगी ताठ उभी होती. "लिहिलंय तेवढंच. पाच. सिरिंजवरच्या पाचच्या रेघेपर्यंत. दोनदा बघितलं मी."

"अगं, शून्य पॉइंट पाच होतं ते!" डॉक्टर ओरडले.

"हो, पण डावीकडच्या शून्याला किंमत नसते. आईनं शिकवलंय."

डॉक्टर आत पळाले.

वहिनी दादाकडे वळली. "ते टिंब तुमच्याकडे होतं ना?"

"अपूर्णांक तर तुझ्याकडे होते."

भांडत नव्हते हो ती दोघं. खरंच एकमेकांना विचारत होती.

भुंगी मात्र सिस्टरच्या मागे लागली, त्या टिंबाचं काय ते सांगा म्हणून. बिचारीनं कागदावर लिहून दाखवलं. पोरीला कळायला क्षणही लागला नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे मी दहापट दिलं," ती म्हणाली. मग सिस्टरचा हात घट्ट धरून, अगदी हळू, "मग त्यातले नऊ भाग परत काढून घ्या ना."