पायांवरच्या शपथा

डोणगावात जी गोष्ट माझ्या मोठ्या मामांनी भोंग्यावरून सांगितली नाही ती घडलीच नाही, असं आमच्याकडे मानतात. मामांचा माईक-भोंग्याचा धंदा आहे. लग्न असो, जयंती असो, कुणाची शेळी हरवलेली असो, मामा आधी "हॅलो, हॅलो" करून भोंग्याला जागं करतात. मग माणसाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं सांगतात. मी एकदा विचारलं, "मामा, शेळी गावातच असेल ना, मग मालकाचा जिल्हा कशाला?" तर म्हणाले, "तुले नाही समजत पोरी. अधुरा पुकारा म्हणजे माणसाची बेइज्जती."

मामांची दुसरी ख्याती पिण्याची. आमच्या वऱ्हाडात मामा भाचीच्या पाया पडतो, तो तिचा मान. पण माझे मामा प्यायल्यावर जास्त पडतात, आणि पडले की पायांवर हात ठेवून म्हणतात, "तुया पायाची शपथ, आजपासून बंद." दहावीच्या निकालाला घेतली, माझ्या कॉलेजच्या प्रवेशाला घेतली, चुलतबहिणीच्या हळदीत तर एका संध्याकाळी तीनदा घेतली. आता कुणीही समोर वाकलं, अगदी पडलेलं पेन उचलायला, तरी माझे पाय आपोआप मागे जातात.

या उन्हाळ्यात मामी माहेरी निघून गेली. भांडण नाही, काही नाही. मला फोनवर एवढंच म्हणाली, "मले शपथ नोको बाई आता. जिथं दारू सोडतेत तिथं एक डाव जाऊन बसा म्हना त्याइले. मंग मी परत यायचं का नाही ते पाहीन."

घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे अर्ज भरणं, पत्ते शोधणं ही कामं माझ्याकडे येतात. मी बुलढाण्याला शिकते. इथल्या एका दवाखान्याच्या भिंतीवर कागद दिसला: दारू सोडू इच्छिणाऱ्यांची सभा, दर रविवारी दुपारी चार, शाळेच्या मागची खोली, घरच्यांनीही यावं. कोणती शाळा, तो कोपरा फाटलेला. मी तो तसाच वहीत उतरवून घेतला आणि मामीची अट सांगून मामांना बोलावलं.

रविवारी मामा एसटीतून उतरले ते इस्त्रीचा सदरा घालून, हातात थैली. थैलीत नारळ. "सभेले खाली हातानं जातेत का?" म्हणाले. मी हळूच कुणाला तरी विचारणार होते, पण मामांना हळू बोलता येत नाही. त्यांनी चहावाल्याला अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं विचारलं, "काहो भाऊ, दारू सोडणाऱ्याइची सभा कुठी भरते?"

चहावाला म्हणाला, "सोडणाऱ्याइची नाही मालूम बा. घेणाऱ्याइची त्या बोळीत रोज भरते."

सगळे हसले. मामाही हसले. मी मात्र वहीत तोंड घालून उभी राहिले. मला फार थकल्यासारखं झालं होतं.

पहिल्या शाळेमागे खोली होती, सभाही होती, पण ती पेन्शनरांची. मी पाटी वाचेपर्यंत मामा आत गेले, नारळ टेबलावर ठेवला आणि कुणी ओळख विचारायच्या आत सगळ्यांचं आभारप्रदर्शन करून मोकळे झाले. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा पाजला. बाहेर आल्यावर मामा खुशीत म्हणाले, "झाली ना सभा? चाल, मामीले फोन लाव."

"मामा, ती सभा ही नव्हती."

"मग काऊन दमवून राह्यली मले?" ते म्हणाले. पण आले माझ्यामागे.

दुसऱ्या शाळेची खोली सापडली तेव्हा साडेचार झाले होते. पहिलीच्या मुलांच्या बुटक्या बाकांवर आठ-नऊ माणसं गुडघे वर करून बसली होती. एकेकजण उठून थोडं बोलायचा. मामांनी माझ्या कानात विचारलं, "माईक कुठी हाये?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांची पाळी आली. ते उभे राहिले, घसा साफ केला, "हॅलो" म्हणाले आणि पूर्ण नाव, वडिलांचं नाव, मुक्काम, पोस्ट सुरू झालं. तालुक्यापाशी एका सावळ्या माणसानं हात वर केला. "नुसतं नाव पुरे आहे, भाऊ. इथं गाव लागत नाही."

मामा थांबले. तालुका, जिल्हा काढून घेतल्यावर त्यांच्याजवळ बोलायला काहीच उरलं नाही. ते भिंतीवरच्या बाराखडीकडे बघत राहिले. मला वाटलं आता बाहेर जातील. मी थैली सावरून बसले. मग कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात ते म्हणाले, "काल घेतली होती. आज नाही घेतली." आणि खाली बसले.

टाळ्या नाहीत, काही नाही. पुढचा माणूस उठला.

स्टँडवर एसटी लागली होती. मामा वाकले तसे माझे पाय मागे गेले. पण ते जमिनीवरची रिकामी थैली उचलत होते. "रविवारी चारच वाजता ना?" एवढंच विचारलं आणि गाडीत चढले.

मी मामीला फोन केला. सगळं ऐकून तिनं विचारलं, "शपथ घेतली का तुया पायाची?"

"नाही, मामी. पाया पडलेच नाहीत."

तिनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "असं का... बरं. पुढच्या रविवारचं बी सांगजो."

मामांची मेहकरची गाडी वळून दिसेनाशी झाली. मी तिथंच उभी होते. इतकी वर्षं मागे घेतलेले हे पाय, आज त्यांना उगाचच रिकामं रिकामं वाटत होतं.